फोर बाय फोर घ्या, पण आधी मागची सीट बघा

पावसाळा तोंडावर आला की मेसेंजरवर आणि चहाच्या टपरीवर एकच प्रश्न येतो. "भाऊ, जुनी फोर बाय फोर बघतोय. पाच-सहा लाखात बसेल अशी. कुठली घेऊ?" विचारणारे सगळे हौशी नसतात. मोरणा खोऱ्यातले मास्तर असतात, ढेबेवाडीकडचा दूध गोळा करणारा असतो, आई-वडील वाडीवर ठेवून पुण्यात नोकरी करणारा पोरगा असतो. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहितो.

गरज खोटी नाही, हे आधी मान्य करू. जुलै २०२१ आपण विसरलेलो नाही. आंबेघर, मिरगाव, ढोकावळे. दरडी आल्या, रस्ते तुटले. नवजाच्या बाजूला वर्षाला ५००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडणं काही नवल नाही. अशा मुलखात रात्री दोन वाजता म्हाताऱ्या माणसाला कराडला न्यायचं असेल तर शहरातली छोटी कार पहिल्याच चढाला चिखलात बसते. म्हणून माणूस कर्ज काढून गाडी बघतो. ज्या रस्त्यासाठी तो सहा लाख घालतोय, तो रस्ता कागदावर बहुधा कधीच पूर्ण झालेला असतो, ही गोष्ट वेगळी. तिच्याकडे येतोच.

माझा मुद्दा साधा आहे. आपल्याकडे गाडी पुढून बघतात. बंपर, टायर, बॉनेट, आवाज. घरची गाडी असेल तर ती मागून बघायला पाहिजे. मागचं दार उघडा आणि पोरं कुठं बसणार ते बघा.

जुनी थार (२०१० ला आली ती, २०२० च्या आधीची) आणि जिप्सी, दोन्ही गाड्या चिखलाला वाघ आहेत. त्यात वाद नाही. पण दोन्हीत मागची माणसं आडव्या बाकावर, एकमेकांकडे तोंड करून बसतात. वडापमध्ये तसं बसून आपली पिढी मोठी झाली, त्यामुळे त्यात काही वावगं वाटतच नाही. अचानक ब्रेक लागला की आडव्या बाकावरचं पोरगं पुढच्या सीटवर किंवा लोखंडी नळीवर आदळतं. एअरबॅग दोन्हीत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १९४ब सांगतं, १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा मुलांची वेगळी सीट हवी, नाहीतर १००० रुपये दंड. दंडाचं सोडा. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री गेले. गाडी महागडी होती, ते मागच्या सीटवर होते आणि बेल्ट लावला नव्हता. मागच्या सीटला बेल्ट लागतो, हे तेव्हा आठवडाभर सगळ्यांना पटलं होतं.

तर मग काय घ्यावं? चौघांचं कुटुंब असेल तर माझी पहिली पसंती ऐकून गॅरेजवाले हसतात: जुनी डस्टर, ऑल व्हील ड्राइव्हची. २०१४ ला आली, डिझेल, पाचही सीट समोर तोंड करून, २१० मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स. तिला वेगळा लो गिअर नाही, पण पहिला गिअर मुद्दाम छोटा दिलाय, वाडीचा चढ चढायला तो पुरतो. डांबरी रस्त्यावर कारसारखी चालते. अडचणी दोन. ती पिढी २०२२ मध्ये बंद झाली, त्यामुळे ऑल व्हील ड्राइव्हचे खास पार्ट कुठून मिळतील ते आधी विचारून ठेवा. आणि इंजिनला टायमिंग बेल्ट आहे. कधी बदलला त्याचं बिल नसेल तर बदललाच नाही असं धरा आणि तो खर्च किमतीतून कापा.

घरात माणसं जास्त, सामान जास्त, अधूनमधून खताची पोती न्यायची, तर स्कॉर्पिओ फोर बाय फोर. हिचा मिस्त्री प्रत्येक तालुक्यात सापडतो, ही केवढी मोठी सोय आहे ते गाडी रात्री बंद पडल्यावर कळतं. फक्त व्हेरियंट नीट बघा. एअरबॅग आणि एबीएस सगळ्या मॉडेलना नव्हते. आणि मागच्या दारावर फोर डब्ल्यू डीचं स्टिकर आहे म्हणजे गाडी तशी आहेच असं नाही, स्टिकर कुठंही मिळतं. आरसीवरचं मॉडेल वाचा आणि खाली वाकून पुढच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट डोळ्यांनी बघा. सफारीची फोर बाय फोर स्वस्तात मिळते, बसायला राजेशाही आहे, पण विजेच्या वायरिंगची डोकेदुखी पुढचा मालक तुमच्या गळ्यात मारत नाही ना, ते तपासा. बोलेरोची फोर बाय फोर मिळाली तर कणखर, मात्र शेवटच्या आडव्या सीट मोजू नका. गुरखाबद्दल विचारणारे जास्त, विकणारे कमी.

आणि एक कटू गोष्ट. अर्ध्या लोकांना फोर बाय फोर लागतच नाही. घरापर्यंत खडीचा रस्ता असेल, वर्षातले आठ-दहा दिवस चिखल असेल, तर चांगली टू व्हील ड्राइव्ह, उंच तळ आणि नवे टायर यावर भागतं. राहिलेल्या पैशात पोरीची फी निघते.

गाडी बघायला जाल तेव्हा ती थंड असू द्या. विकणारा "तुम्ही येणार म्हणून चालू करून ठेवली" म्हणाला की समजून जा. बॉनेटला हात लावा. थंड इंजिन चालू करून धूर बघा, ऑइलचं झाकण उघडून बघा. मग फोर बाय फोर लावून बघा, पण मातीवर. स्कॉर्पिओ-थारसारख्या गाडीत ते कोरड्या डांबरावर लावून वळवू नये, आतला गिअर ताणला जातो. बऱ्याच मालकांनी आठ-आठ वर्षं ते बटण दाबलेलंच नसतं आणि तुम्ही दाबाल तेव्हा ते अडकतं. डिफरन्शियलचं ऑइल थोडं काढून बघायला सांगा. ताकाच्या रंगाचं निघालं तर आत पाणी गेलंय, म्हणजे गाडी ओढ्यात किंवा पुरात फिरलीय. चासीवर हातोडी वाजवत जा. कोकणात, समुद्राकाठी राहिलेल्या गाडीची चासी वरून रंगवलेली आणि आतून पोखरलेली असू शकते. ताज्या काळ्या रंगाला भुलू नका.

कागदांचं सांगतो, कारण फसतात ते इथंच. दिल्लीकडे २०१५ च्या हरित लवादाच्या आदेशानंतर १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर गदा आली आणि तिकडच्या गाड्या स्वस्तात बाहेर निघाल्या. इथल्या बाजारातही येतात. स्वस्त दिसतात. त्यावर एनओसी, इथला रस्ता कर, पासिंग, एजंट हे सगळं चढवलं की एमएच ५० वाली स्थानिक गाडी बरी वाटायला लागते. बँकेचा बोजा आरसीवरून उतरलाय का बघा. १५ वर्षं होत आली असतील तर फेरनोंदणी दर ५ वर्षांची, हरित कर वेगळा, आणि गाडी तपासणीत पास व्हायला हवी. नाव लागेपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका, मग तो विकणारा सख्खा मामेभाऊ असला तरी.

आता 'बिल्ड'. हा शब्द हल्ली पोरांच्या तोंडी फार आलाय. गाडी घेतली की लगेच चार इंच उचलायची, ट्रॅक्टरसारखे टायर, पुढं लोखंडी बंपर, वर दिव्यांची माळ. दीड लाख तिथंच जातात. कलम ५२ म्हणतं, कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळी होईल अशी गाडी बदलायची नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या प्रकरणात हेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. लोखंडी बुलबारवर केंद्रानं डिसेंबर २०१७ मध्येच कारवाई करायला सांगितलं होतं. त्याहून मोठी भीती विम्याची. न कळवलेला बदल हे दावा नाकारायला आयतं कारण होतं. आणि उचललेली गाडी कुंभार्ली घाटाच्या वळणावर किती झोल खाते, ते मागं बसलेल्या बाईला विचारा.

तोच पैसा कुठं घालावा? कंपनीच्याच मापाचे नवे ऑल टेरेन टायर. झिजलेले बुश आणि शॉकअप. ब्रेक पूर्ण नवे. सगळ्या बेल्टची दुरुस्ती. तळाला गंज रोखणारा रंग. वायपर आणि नीट लावलेले हेडलाइट. हवा भरायचा छोटा पंप, कारण चिखलात टायरची हवा थोडी कमी केली की साधी गाडीही निघते, फक्त डांबरावर आल्यावर परत भरायला लागते. ओढायचा पट्टा, जॅकखाली ठेवायला फळी. सहा लाखांतले साडेचारच गाडीत घाला, दीड यासाठी मागं ठेवा. फोटोत यातलं काहीच दिसत नाही.

पुलावरून पाणी वाहत असेल तर कितीही 'बिल्ड' केलेली गाडी घालू नका. फूटभर वाहतं पाणी छोटी कार उचलतं, दोन फूट पाणी जीप ओढून नेतं. फोर बाय फोर घेतलेला माणूस पाण्यात जास्त धाडसानं शिरतो, हे दर पावसाळ्यात दिसतं.

तसंच सडावाघापूरचं. उलटा धबधबा बघायला या, गाडी रस्त्यावर लावा. सड्यावर माती बोटभर असते, त्यात वर्षातून एकदाच उगवणारी फुलं असतात. जड टायर एकदा फिरला की ती माती दाबली जाते आणि पुढच्या पावसात त्या चाकोरीतून पाणी वाहून जातं. वर गुरं चारणाऱ्यांनी हे सांगितलं तर त्यांच्याशी हुज्जत घालणारे आपलेच लोक आहेत.

आणि रस्त्याचं. एका वाडीत दहा घरं असतील आणि त्यातल्या तिघांनी पाच-सहा लाख घातले, तर पंधरा-अठरा लाख रुपये लोकांनी स्वतःच्या खिशातून एका वाईट रस्त्यावर खर्च केले. उरलेल्या सात घरांना तोच चिखल. ज्याच्याकडे जीप आली तो ग्रामसभेत रस्त्यावर बोलायचं बंद करतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय. गाडी जरूर घ्या. पण मोरीचं काम अर्धवट आहे, दरड उचललेली नाही, बाजूचं गटार बुजलंय, हे अर्ज पण द्या, फोटो आणि तारखेसकट. मला पाठवले तर छापतो.

बाकी, या रविवारी कोणी गाडी बघायला जाणार असाल तर आईला सोबत न्या. तिला मागच्या सीटवर चढता येतं का बघा. पायरी उंच पडली तर पाचशे-हजारात पायदान बसतं. गुडघे दुमडून तासभर बसवत नसेल, तर ती गाडी सोडा, दुसरी बघा.