कापूस खरेदीचे ॲप आणि खानदेशचा शेतकरी

२०२५-२६ च्या हंगामात भारतीय कापूस महामंडळाला हमीभावाने कापूस विकू इच्छिणाऱ्या शेतकऱ्यास 'कपास किसान' या ॲपवरील नोंदणी सक्तीची झाली. आधार, जमिनीचा उतारा आणि पीकनोंद यांच्या बळावर प्रथम नाव नोंदवावे, मग तारीख मिळवावी आणि त्यानंतरच माल केंद्रावर न्यावा, अशी ही पद्धत. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता, मध्यम धाग्याचा ७,७१० रुपये. तो हाती पडण्याची पहिली अट आता मोबाइलमध्ये आहे.

यंत्राला विरोध करणे हा समाजवाद नव्हे. १९७२ मध्ये राज्याने एकाधिकार कापूस खरेदी सुरू केली, तेव्हा केंद्रांवर गाड्यांच्या रांगा लागत आणि पैशासाठी ताटकळावे लागे, हे जुने कार्यकर्ते जाणतात. रांग संपत असेल, शेतकऱ्याच्या नावावर व्यापाऱ्याचा माल खपवणे थांबत असेल, तर यंत्राचे स्वागतच केले पाहिजे. प्रश्न असा की, या बदलात कोणाचे काम हलके झाले आणि कोणाचे वाढले?

पूर्वी पीकपाहणी हे तलाठ्याचे काम होते. २०२१ पासून शेतात उभे राहून, पिकाचे छायाचित्र काढून ती नोंद करणे शेतकऱ्याच्या अंगावर आले. आता त्याच नोंदीवर विक्रीही टांगली गेली. पहिल्या ठिकाणी चूक राहिली की दुसरे दार बंद. चोपडा, यावल, शिरपूरच्या सातपुड्यातील पाड्यांवर रेंज मिळणेच कठीण, तेथील आदिवासी कास्तकाराने हे कसे करावे? आणि तोंडी बोलीवर जमीन कसणाऱ्या बटाईदाराचे नाव तर उताऱ्यावर नसतेच. कापूस त्याच्या घामाचा, पण कागद दुसऱ्याचा. असा शेतकरी अखेर खेडा खरेदीच्या व्यापाऱ्याकडेच वळतो. ज्या मध्यस्थाला हटवायचे, त्याच्याच दारी यंत्र त्याला नेऊन सोडते.

दुसरीकडे, जे बदलायला हवे होते ते तसेच राहिले. ओलावा बारा टक्क्यांहून अधिक निघाला, तर तारीख घेऊन आलेली गाडीही परत जाते. तापीकाठचा बागायती पूर्वहंगामी कापूस सप्टेंबरात वेचणीला येतो. सरकारी खरेदी मात्र ऑक्टोबरनंतरची. दिवाळीच्या तोंडावर ज्याला पैसा हवा, त्याला ॲपचा उपयोग काय? काट्यावरची आणि प्रतवारीवरची अडचण न सोडवता केवळ नोंदवही मोबाइलमध्ये नेणे, याला सुधारणा म्हणता येत नाही.

१९३६ मध्ये याच खानदेशात फैजपूरला काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले आणि तेथे शेतीविषयक कार्यक्रम मंजूर झाला. ज्याचा प्रश्न, त्याच्या दारी जाऊन निर्णय, हा त्यातला धडा. कार्यपद्धती बदलण्याचा अधिकार केवळ दिल्लीतील अधिकाऱ्याचा नाही. तो कापूस पिकवणाऱ्याचाही आहे.

म्हणून पुढील हंगामापूर्वी प्रत्येक ग्रामसभेत चार मागण्यांचा ठराव झाला पाहिजे: ग्रामपंचायतीत कागदावरील नोंदणीची सोय, बटाईदार व वनपट्टाधारकांसाठी ग्रामसभेचा दाखला ग्राह्य, माल नाकारल्यास कारणासह लेखी पावती, आणि खरेदीचा प्रारंभ वेचणीबरोबर. कार्यकर्त्यांनी नोंदणीस मदत जरूर करावी. परंतु अर्ज भरून देण्यातच आपली शक्ती संपू नये. अर्जाचा नमुना ठरतो त्या ठिकाणी शेतकऱ्याला बसवणे, हे आपले खरे काम आहे.