उतरताना उजवा हात

आईने २८ वर्षं डोंबिवली ते व्हीटी केलं. लोकलच्या दारात मधोमध जो दांडा असतो, तो एकदा हाताला लागला की बाकीचं अंग आपोआप आत जातं, हे तिचं शास्त्र. खांद्याला पर्स, हातात डब्याची पिशवी आणि सगळा भरवसा त्या दांड्यावर. तीच आई आता ७६व्या वर्षी आमच्या बिल्डिंगच्या दारातल्या तीन पायऱ्यांशी येऊन थबकते आणि वॉचमन कुठे दिसतो का ते बघते. वॉचमन पाण्याची मोटर लावायला मागे गेला असेल तर ती तशीच उभी.

तीन तर पायऱ्या, त्यात काय एवढं, असं मलाही वाटायचं. एका रविवारी टेप घेऊन बसलो. वरची पायरी साडेआठ इंच, मधली साडेसहा, खालची पाच. बिल्डिंग बांधली तेव्हा दोनच पायऱ्या होत्या, दोन्ही सारख्या. २००५च्या २६ जुलैला तळमजल्यात पाणी शिरलं, त्यानंतर सोसायटीने दारात बांध घातला. तीच आताची वरची पायरी. पुढे कंपाउंडमध्ये पेव्हर ब्लॉक आले, त्यांनी खालच्या पायरीचा दीड इंच गिळला. पाय पहिल्या पायरीवरून अंदाज बांधतो आणि पुढच्याही तेवढ्याच असणार असं धरून पडतो. डोंबिवली-कल्याणमधल्या जुन्या बिल्डिंगींची दारं नुसती बघत चला. रस्ते डांबराच्या थरांनी आणि मग काँक्रीटने वर चढले, पाणी अडवायला दारात बांध आले, आणि एक पायरी दुसरीसारखी राहिली नाही.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये रेलिंगचा विषय मी काढला. कोणी विरोध केला नाही, फक्त अडचणी सांगितल्या, ही आपली पद्धत. कपाट कसं न्यायचं? गणपती कसा आणायचा? बाइक कुठे लावायच्या? मग चौथ्या मजल्यावरचे काका शांतपणे म्हणाले, "आणि आम्हाला न्यायची वेळ येईल तेव्हा?" त्यावर कोणी हसलं नाही. लिफ्ट नसलेली चार मजल्यांची बिल्डिंग, दार साडेतीन फुटांचं. तिरडीला दोन्हीकडून खांदेकरी लागतात. काकांचं म्हणणं मिनिट्समध्ये आलं नाही, पण ठराव त्यावरच अडला.

सेक्रेटरींनी रॅम्प सुचवला. रॅम्प म्हटलं की सगळ्यांना बरं वाटतं, फोटोही चांगला येतो. पण चाकाच्या खुर्चीला झेपेल असा उतार एकास बारा. आमची उंची २० इंच, म्हणजे २० फूट लांब रॅम्प, आणि दारापासून गेटपर्यंत जागा ११ फूट. बसवायचाच म्हणून बसवला तर तो रॅम्प नाही, घसरगुंडी होईल. २०१६चा दिव्यांग हक्क कायदा झाल्यापासून असल्या घसरगुंड्या ठिकठिकाणी दिसतात. त्यांच्या शेजारी साधा दांडा लावावा, हे मात्र फारसं कुणाला सुचत नाही.

तर हवा होता दुमडणारा दांडा. मी ऑनलाइन एक मागवला. बाहेरच्या देशांत गाडीमागे ओढायची घरं असतात, त्यांच्या दाराशेजारी लावतात तसा: भिंतीवर प्लेट, त्यावर बिजागरी, दोन फुटांचा दांडा हवा तेव्हा बाहेर फिरवायचा, नको तेव्हा दाराला आडवा. प्रवासात तो आडवा असला की दारही उघडत नाही, म्हणजे एका दांड्यात कडीसुद्धा. मी भलताच खूश होतो. ड्रिल काढलं, चार रावल प्लग ठोकले, तासाभरात काम झालं. चौथ्या दिवशी वरचे दोन्ही स्क्रू प्लगसकट आणि मूठभर प्लास्टरसकट आईच्या हातात आले. ती पडली नाही, कारण तिने माझ्या कामावर भरवसा ठेवला नव्हता. डावा हात वॉचमनच्या खांद्यावर होता.

चूक माझी, आणि शाळेतल्या तरफेच्या धड्याइतकी सोपी. आईने उतरताना टोकावर तीसेक किलो भार टाकला असेल. दांडा २४ इंच लांब, प्लेटवरच्या वरच्या आणि खालच्या स्क्रूंमध्ये अंतर फक्त ६ इंच. म्हणजे चौपट. वरच्या दोन स्क्रूंवर मिळून १२० किलोंची ओढ, आणि ती झेलायला चाळीस वर्षांचं फुगलेलं प्लास्टर. पाइप कितीही जाड घेतला असता तरी हेच झालं असतं. बाजारात आपण पाइप दाबून बघतो, वजन बघतो, चकाकी बघतो. प्लेट किती उंच आहे ते कोणी बघत नाही.

नंतर मामेबहिणीकडे ठाण्याला निघालो होतो. घोडबंदर रोडच्या बंगल्यांमध्ये मराठी मालिकांची शूटिंगं चालतात, हे आता कुणाला नवीन नाही. एका गल्लीत व्हॅनिटी व्हॅन उभी होती, जनरेटर घुमत होता. दार उघडलं, स्पॉटदादाने पत्र्याच्या पायऱ्या खाली ओढल्या, दाराच्या कडेला चिकटलेला दांडा जरासा वर उचलला, फिरवला आणि सोडला. तो खटकन खाचेत बसला. नऊवारीतल्या एक ज्येष्ठ बाई एका हाताने निऱ्या सावरत, दुसरा हात दांड्यावर ठेवून, मोबाइलमध्ये बघत खाली उतरल्या. मोबाइलमध्ये बघत! मी तिथेच रिक्षा सोडली.

ड्रायव्हरला विचारलं तर तो म्हणाला, "वेल्ड कधी तुटत नाही साहेब, स्क्रू निघतो. पत्र्याला मारला की निघणारच. आतल्या चौकटीला मारायचा." गाडीचं अंग म्हणजे बाहेर पत्रा, आत प्लाय आणि मध्ये चौकोनी पाइपांची चौकट. स्क्रू त्या पाइपात गेला पाहिजे, नाहीतर पत्र्याच्या आतून दुसरी जाड पट्टी देऊन नटबोल्टने आवळला पाहिजे. आमच्या बिल्डिंगला पत्रा म्हणजे प्लास्टर आणि चौकट म्हणजे कॉलम, इतकाच फरक. राज्य सरकारने २०२१मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं तेव्हा मी त्याला शहरी हौस म्हणून हसलो होतो. आता वाटतं, त्या निमित्ताने घडीच्या पायऱ्या आणि घडीचे दांडे करणारे चार हात वाढले तरी आमच्यासारख्यांना पुरे.

त्या ड्रायव्हरने वागळे इस्टेटमधल्या एका फॅब्रिकेटरचा पत्ता दिला. गाळा एवढासा, बाहेर अर्धवट रंगवलेली ग्रिलं. त्यांनी माझं रेखाटन बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "चढायला पाहिजे की उतरायला?" मी म्हटलं दोन्हीला. "एकच लावणार असाल तर उतरायचा हात धरा. माणूस चढताना पडला तर पुढे हात टेकतो. उतरताना टेकायला काय असतं?" त्यावरून मला फिजिओथेरपिस्ट मॅडमनी आईला शिकवलेलं आठवलं: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा. आईचा दुखरा डावा. डावा पाय खाली जाताना उजव्या हाताला आधार हवा, आणि नशिबाने उतरताना उजवीकडेच कॉलम आहे.

उंची फॅब्रिकेटरनी पुस्तकातून घेतली नाही. स्वतः डोंबिवलीला आले, आईला नेहमीच्या चपला घालून पायरीवर उभं केलं आणि डोळे मिटून हात टेकायला सांगितला. तिथे पेन्सिलने खूण. पायरीपासून साडेबत्तीस इंच. तीन पायऱ्यांचे ३० इंच आणि शेवटच्या पायरीपुढे आणखी एक फूट, असा साडेतीन फुटांचा दांडा. तो एक फूट लोक हमखास वाचवतात आणि नेमकी तिथेच गडबड होते, कारण शेवटचा पाय जमिनीवर येईपर्यंत हात दांड्यावर असायला हवा. पण साडेतीन फूट नुसता बिजागरीवर लोंबला तर पुन्हा तरफेचा धडा. म्हणून टोकाला एक पाय, जो पेव्हर ब्लॉकखाली सिमेंटात बसवलेल्या कपात उतरतो. दांडा आत फिरवला की दर्शनी भिंतीला लागतो, बोटं चेमटू नयेत म्हणून मध्ये दोन इंचांची फट. पिन नाही, कुलूप नाही; उचलायचा, फिरवायचा, सोडायचा. पिन असती तर आठ दिवसांत हरवली असती, हे त्यांचं मत आणि माझंही.

स्टीलचा किस्सा सांगायलाच हवा. मी खिशातून लोहचुंबक काढलं. ते हसले. "दोनशे दोनलाही चिकटत नाही, तीनशे चारलाही नाही. ठेवा खिशात." चुंबक चिकटलं नाही म्हणजे माल चांगला, ही समजूत मी अनेक वर्षं लोकांना सांगत आलो, या सदरातही एकदा लिहिली आहे. ती मागे घेतो. दोनशे दोन ग्रेडच्या स्टीलमध्ये तीनशे चारपेक्षा निकेल कमी आणि मँगनीज जास्त. आपल्या पावसाळ्यात त्यावर लवकर तांबूस ठिपके येतात. दोन्ही ओळखायला केमिकलचे थेंब टाकून बघतात, त्यांनी माझ्यासमोर टाकून दाखवले. कॉलममध्ये दहा मिलिमीटरचे चार अँकर फास्टनर, प्लेट दीड फूट उंच. ड्रिल मारताना आधी प्लास्टरची पांढुरकी भुकटी आली, मग आवाज बदलला आणि करडी यायला लागली. "आता लागला," ते म्हणाले.

दोन महिने झाले. कपात पावसाचं पाणी आणि गुटख्याच्या पुड्या साठतात, ते मी रोज सकाळी काढतो. ही या रचनेतली खोट आहे आणि तिला उपाय सापडलेला नाही. दांड्याला कोणी दुधाची पिशवी अडकवतं, एकदा एका बाइकची साखळी अडकवलेली होती. दुमडत मात्र कोणीच नाही. दिवसभर उघडाच असतो, आणि बाइका आपोआप दोन फूट पलीकडे सरकल्या. मीटिंगमध्ये बाइकसाठी सगळ्यांत जोरात बोलणारे गृहस्थ आता उतरताना दांडा धरतात, आजूबाजूला बघून.

सगळ्यांत जास्त वापरतो तो गॅसवाला. भरलेला सिलिंडर तीसेक किलोचा, त्यात गॅस १४.२. पूर्वी तो डाव्या खांद्यावर घेऊन चढायचा. आता दांडा डाव्या हाताला येतो म्हणून खाली सिलिंडर उजव्या खांद्यावर घेतो आणि पहिल्या मजल्याच्या वळणावर पुन्हा बदलतो. परवा रिकामा घेऊन उतरताना थांबून मला म्हणाला, "दुसऱ्या बाजूला पण लावा ना दादा." दुसऱ्या बाजूला कॉलम नाही. मीटर रूमची चार इंची विटांची भिंत आहे, आणि आतल्या बाजूने सगळ्यांचे मीटर.