नापास व्हायचीही सोय नाही

जुन्या डिझेल गाडीला पीयूसी, म्हणजे प्रदूषण नियंत्रणाचं प्रमाणपत्र, मिळत नाही, अशी तक्रार कुणी केली तर माझा विश्वास बसत नाही. ती सगळ्यांना मिळते. काळा धूर ओकणाऱ्या गाडीला मिळते, आणि घराखाली उभ्या असलेल्या गाडीलाही नुसत्या नंबरप्लेटच्या फोटोवर मिळते. मिळत नाही ती तपासणी.

माझ्याकडे बीएस-३ प्रदूषण मानकांच्या काळातली डिझेल व्हॅन आहे. आत झोपायची, स्वयंपाकाची सोय आहे आणि बदलांची आरटीओत रीतसर नोंद आहे. या गाडीची प्रामाणिक तपासणी करून घेणं हे पुण्यासारख्या शहरात एक काम होऊन बसलं आहे.

डिझेल गाडी कशी तपासायची हे नियमात स्पष्ट आहे. इंजिन चांगलं तापवायचं, गाडी न्यूट्रलला ठेवायची, धूरमापकाची नळी सायलेन्सरमध्ये घालायची आणि अ‍ॅक्सिलरेटर एका दमात तळापर्यंत दाबायचा. इंजिन कमाल वेगाला पोचलं की सोडायचा. असं पुन्हा पुन्हा करून सरासरी काढायची. बीएस-४ च्या आधीच्या गाडीला मर्यादा ६५ हार्ट्रिज युनिटची, बीएस-४ ला ५० ची. या तपासणीचा सगळा जीव त्या दाबलेल्या पायात आहे. नोझल गळके असलेलं इंजिनही आयडलला सभ्यपणे चालतं. पंपातून पूर्ण डिझेल आत गेलं की त्याचं खरं रूप दिसतं. पाय दाबलाच नाही तर मशीन मोजणार काय?

आणि तो पाय कुणी दाबत नाही. रस्त्याकडेच्या एका केंद्रावर गाडी नेली, म्हटलं इंजिन गरम आहे, रेस देतो. तिथला मुलगा म्हणाला, "काका, बंद करा गाडी. फोटो काढला की झालं." हट्ट धरला तेव्हा त्याने नळी घातली, पण रेस देऊ दिली नाही. पोटासाठी करतो बिचारा, असं म्हणणारे भेटतात. मला ते मान्य नाही. त्याच्या सहीशिक्क्यावर रस्त्यावरच्या माणसांची फुफ्फुसं अवलंबून आहेत. डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्येच जाहीर केलं आहे. त्या मुलापेक्षाही मोठे गुन्हेगार म्हणजे "रेस देऊ नको, इंजिन बसेल" असं त्याला दरडावणारे गाडीमालक. पूर्ण रेस दिल्याने जे इंजिन बसेल, ते रस्त्यावर आणायच्या लायकीचं नाही.

हे माझ्या एकट्याचं गाऱ्हाणं नाही. दिल्लीतल्या वाहनप्रदूषणावरचा कॅगचा अहवाल २०२५ मध्ये तिथल्या विधानसभेत मांडला गेला. मर्यादा ओलांडलेल्या एक लाखाहून अधिक गाड्यांना उत्तीर्ण ठरवल्याचं त्यात नमूद आहे. एकाच केंद्रावर, एकाच वेळी, एकाहून जास्त गाड्या तपासल्याच्या नोंदीही सापडल्या. ज्या शहराच्या हवेवर सगळ्या देशाचं लक्ष आहे, तिथली ही अवस्था.

शेवटी एका केंद्रचालकाने स्वतः बसून रेस दिली आणि माझी व्हॅन नापास झाली. मग तिला डिझेल इंजेक्शन पंप दुरुस्त करणाऱ्या पंपवाल्याकडे नेलं. एअर फिल्टर चोंदला होता. नोझल टेस्टरवर लावले तर बारीक फवाऱ्याऐवजी थेंब गळत होते. थेंब पुरता जळत नाही, त्याची काजळी होते. नोझल बदलले, पंप कॅलिब्रेट करून घेतला, टायमिंग तपासलं, गाडी महामार्गावर चांगली पळवली आणि त्याच केंद्रावर त्याच पद्धतीने पुन्हा मोजली. पास झाली. टाकीत कुठलं जादूचं रसायन ओतावं लागलं नाही. घाटात ती आता आधीपेक्षा बरी ओढते.

गॅरेजात दुसराही मार्ग सुचवला जातो: तपासणीपुरती पंपाची सेटिंग उतरवायची आणि कागद हातात आला की पुन्हा चढवायची. फोक्सवॅगनने हेच सॉफ्टवेअरने केलं. २०१५ मध्ये पुण्याच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेने त्यांच्या गाड्या तपासल्यावर कंपनीला भारतातल्या तीन लाखांहून अधिक गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्या कंपनीला लबाड म्हणणाऱ्यांनी हातात पाना घेऊन तोच उद्योग करू नये.

मला सगळ्यात जास्त संताप येतो तो जुन्या गाड्यांवर प्रेम करणाऱ्या माझ्याच जातीच्या लोकांचा. खोटी पीयूसी आपल्या गाडीला वाचवते असं त्यांना वाटतं. ती आपल्या मुळावर आलेली आहे, कारण तपासणीवर भरवसा उरला नाही की नियम गाडीच्या वयावर ठरतात. राष्ट्रीय हरित लवादाने दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या बंद केल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. महाराष्ट्रात जुन्या खासगी गाडीला पर्यावरण कर लागतो तो वयावर. एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या फेरनोंदणीचं शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झालं, तेही वयावर. निगा राखलेली व्हॅन आणि काजळी ओकणारी व्हॅन, दोघींना एकच शिक्षा. न्यायालयापुढे उभं राहून "माझी गाडी जुनी आहे, पण धूर मर्यादेत आहे" असं म्हणायचं तर पुरावा म्हणून पुढे करायला आपल्याजवळ असतो तो हाच कागद, आणि त्याची किंमत आपणच शून्य करून ठेवली आहे.

परिवहन विभागाकडे माझी मागणी साधी आहे. इंजिन कमाल वेगाला गेल्याची नोंद मशीनमध्ये झाल्याशिवाय डिझेल गाडीचं प्रमाणपत्र निघूच नये. फोटोवर प्रमाणपत्र देणाऱ्या केंद्राचा परवाना कायमचा रद्द करावा.

आणि जुनी गाडी बाळगणाऱ्यांनो, पुढच्या वेळी पीयूसीला जाल तेव्हा इंजिन बंद करू नका. पूर्ण रेस देऊन मोजायला लावा, आकडा वाचा, आणि नापास झालात तर दुसरं केंद्र शोधू नका, पंपवाल्याकडे जा.