मालकी कुणाची, हिशेब कुणाकडे?

मराठवाड्यात पुराने उभी पिके नेली, कागद महागला, तरी दिवाळी अंकाची तुमची मागणी वेळेवर आली. वर्षाचा आढावा एवढाच. कारण वर्षभर आम्हाला छळले ते एका वाक्याने: ‘आफ्रिकेत जमिनीखाली एवढी संपत्ती, पण त्या लोकांना ती सांभाळता येत नाही.’ व्याख्यानांत ऐकले, आलेल्या लेखांत वाचले, लग्नाच्या पंगतीतही ऐकले. अंकाला ‘मालकी’ हा विषय त्या वैतागातूनच मिळाला.

झांबियाचे तांबे पाहा. 24 ऑक्टोबर 1964 रोजी देश स्वतंत्र झाला, तेव्हा पदवीधर होते शंभरच्या आसपास. खनिजांवरचा हक्क ब्रिटिश साउथ आफ्रिका कंपनीचा. तो सोडण्यासाठी कंपनीने 40 लाख पौंड घेतले. निम्मे ब्रिटनने दिले, निम्मे या नव्या देशाने. 1969 मध्ये अध्यक्ष केनेथ काउंडा यांनी खाणींत सरकारचा 51 टक्के वाटा जाहीर केला. सातबारा नावावर झाला, पण भाव लंडनच्या बाजारातच ठरत राहिला. 1975 च्या सुमारास तो कोसळला, कर्ज चढले आणि अखेर कर्ज देणाऱ्यांच्या दबावाखाली खाणी विकाव्या लागल्या. त्या करारांत रॉयल्टी अवघी 0.6 टक्के, तीही वर्षानुवर्षे न बदलण्याची हमी देऊन. करार मात्र लोकांपासून लपवलेले.

यात आपलाही हात आहे. गोव्यातले लोहखनिज काढणाऱ्या वेदान्त समूहाने 2004 मध्ये झांबियातल्या कोंकोला कॉपर माइन्सचा 51 टक्के वाटा घेतला. ही खाण किती स्वस्तात पडली, हे समूहाचे प्रमुख अनिल अग्रवाल भाषणात रंगवून सांगत असल्याची चित्रफीत 2014 मध्ये झांबियात पोहोचली आणि लोक खवळले. चिंगोलाजवळच्या 1826 गावकऱ्यांनी या खाणीमुळे पाणी नासल्याची तक्रार थेट लंडनच्या न्यायालयात नेली. असा खटला लढवायला झांबियात पैसा आणि अनुभवी वकील मिळणे अवघड, हे 2019 मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानेही मान्य केले. त्याच वर्षी सरकारने खाण ताब्यात घेतली. पुढे ती पुन्हा वेदान्तकडेच गेली. फेब्रुवारी 2025 मध्ये झांबियातल्याच एका चिनी कंपनीच्या खाणीचा गाळ अडवणारा बांध फुटला आणि आम्लयुक्त पाणी काफुए नदीच्या खोऱ्यात उतरले. किटवे शहराचा पाणीपुरवठा बंद करावा लागला.

झांबियाचे राज्यकर्ते धुतल्या तांदळासारखे होते, असे आमचे म्हणणे नाही. पण लुटीला दोन हात लागतात आणि आपण एकाच हाताला नावे ठेवतो.

या अंकात शेतजमीन आहे, स्त्रीधन आहे, लेखकाचे हक्क आहेत. त्यांच्या शेजारी तांब्याची खाण ओढूनताणून बसवल्यासारखी वाटली, तर वाटो. खाण सरकारी असावी की खासगी, हा वाद नंतर घालू. आधी करार सहीपूर्वी लोकांसमोर यावा, आणि नदी नासली तर दाद आपल्याच देशात मिळावी. एवढे होत नाही तोवर कुणाच्या लायकीवर निकाल देणारा लेख आम्ही छापणार नाही.