भोक नसलेलं वांगं



परवा मंडईत आपल्यातलीच एक ताई वांगी निवडत होती. भोक दिसलं की बाजूला. "कीड नको बाई, चातुर्मास आहे." मीही चाळीस वर्षं हेच केलं. पण घरी येऊन पिशवी उपसताना मनात आलं, एवढ्या ढिगातली कीड गेली कुठे?

आपण पाणी गाळतो, पीठ चाळतो, सूर्यास्तानंतर जेवत नाही. आणि भाजी आणतो ती फवारून निर्जीव केलेली. खर्च दुसऱ्याच्या वहीत टाकला म्हणजे खर्च झालाच नाही, असा हिशेब मी बी.कॉम.ला मांडला असता तर सरांनी वही भिरकावली असती. कृत, कारित, अनुमोदना, तिन्ही पाठशाळेत घोकलंय ना आपण?

"शेतीतली ती उद्योगी हिंसा, श्रावकाला चुकत नाही," असं म्हणाल. सांगली-कोल्हापूरकडची आपली कितीतरी घरं शेतकऱ्यांची, माझं माहेरही. नांगराखाली जीव जातात, मान्य. पण इमिडाक्लोप्रिड चोळलेलं बियाणं? कीड आलीय का हे बघायच्या आधीच विष पेरायचं! ते झाडाच्या अंगात मुरतं, फुलातल्या परागात आणि मधात उतरतं. मधमाशीने कुणाचं काय बिघडवलं होतं? दुधीची नर-मादी फुलं वेगळी असतात, परागण झालं नाही तर कोवळं फळ पिवळं पडून गळतं. याला उद्योगी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

जर्मनीत 63 संरक्षित जागांवर तंबूसारखे सापळे लावून उडते कीटक तोलले. 1989 ते 2016 या 27 वर्षांत त्यांचं वजन 75 टक्क्यांहून जास्त घटलं. जागा संरक्षित, पण भोवती आधुनिक शेती. हवामानाने एवढी घट उलगडेना, तेव्हा अभ्यासकांनी त्या शेतीकडे बोट दाखवलं. 2018 मध्ये युरोपीय संघाने इमिडाक्लोप्रिडसह तीन औषधं उघड्या शेतात वापरायला बंदी घातली. आपल्याकडे ते अजून दुकानात मिळतं.

द्राक्षबागेतल्या फवाऱ्यावरून मी दादाशी भांडले. तो शांतपणे म्हणाला, "डागाचा माल तू घेतेस का?" मी गप्प.

भोकाचं वांगं घ्या असं म्हणत नाही, अळी विळीखाली येईल. मी वांगंच सोडलंय. एक मावशी न फवारलेला दुधी आणते, वाकडा, डागाळलेला. तो घेते. चातुर्मासानंतर तिचीच मेथी, ताटात पान पान निवडून. अळी निघाली की पानासकट परसात ठेवते. सूनबाई म्हणते, अर्धा तास जातो. जातोच.