फूल येईपर्यंत नावाची जागा कोरी ठेवा

पिंग्विक्युला ऊर्फ पिंग या कीटकभक्षी वनस्पतीच्या पानाला बोट लावलं की तुपाचा हात लागल्यासारखं वाटतं. तिचं नावही लॅटिनमधल्या चरबीच्या शब्दावरूनच आलं आहे. भिंगाखाली पाहिलं तर पानभर बारीक केसांच्या टोकांवर चिकट थेंब आणि त्यांत रुतलेली चिलटं दिसतात. जानेवारीत मात्र त्याच कुंडीत चीक नाही, केस नाहीत, फक्त मांसल पानांचा रुपयाएवढा गच्च गड्डा. ओळख चुकते ती इथेच.

जूनमध्ये मी ‘जिप्सिकोला’ जातीची म्हणून एक कुंडी घेतली. पुढच्या जानेवारीत दुसरीकडून वेगळ्याच नावाचा इवला गड्डा आणला. ऑगस्टमध्ये दोन्हींना तीच लांब, अरुंद, उभी पानं आली आणि फुलंही तीच. एकच झाड मी दोन नावांनी विकत घेतलं होतं, आणि तोवर त्या चुकीच्या नावाने चार रोपं मी पुढेही दिली होती.

मेक्सिकोतल्या बऱ्याच जातींना अशी दोन रूपं असतात, म्हणून नाव चुकलं की निगाही चुकते. ड्रॉसेरा या पाणी आवडणाऱ्या कीटकभक्षी झाडाच्या सवयीने हिवाळी पिंगही पाण्याच्या थाळीत ठेवलं जातं आणि बुडातून कुजतं. थंडीत माती जेमतेम ओलसर पुरे. शेणखत आणि रासायनिक खत मातीत कधीच नको. पाणी पागोळ्यांचं किंवा आरओचं. कोकोपीट वापरायचंच असेल तर त्यातले क्षार निघेपर्यंत धुवा. नुसत्या फोटोवरून नाव ठरवू नका. पान उलटून पाहा, कारण जायगँटिया जातीच्या पानाला खालूनही चीक असतो. फुलाच्या मागची शेपटी मोजा, पाकळ्यांची रुंदी पाहा.

सप्टेंबरात कासच्या पठारावरची ‘सीतेची आसवं’ मागणारं गिऱ्हाईक येतंच. त्याला स्पष्ट नाही म्हणा. जांभ्यावरच्या दोन बोटं मातीत पावसाबरोबर उगवून पावसाबरोबर संपणारी ही युट्रिक्युलेरियाही कीटकभक्षीच. तिच्या मातीतल्या सूक्ष्म पिशव्या पाण्यातले जीव क्षणात ओढून घेतात, पण त्या ओल्या पठाराबाहेर कुंडीत ती टिकत नाही. शिवाय उपटलेल्या झाडाचं बीही पठाराला मिळत नाही. असलं रोप विकणाऱ्याला आपण आपल्यातला मानू नये, असं मला मनापासून वाटतं.

पिंग वाढवायला रानात जावंच लागत नाही. हिवाळी पानं थंडीतच सुटी करायची. पान हलकेच बाजूला ढकला. बुडाचा पांढरा भाग शाबूत निघाला पाहिजे, कोंब तिथूनच फुटतो. ओलसर परलाइटवर उताणं ठेवून वर पारदर्शक झाकण घाला, थेट ऊन टाळा. काही आठवड्यांत बुडाशी मोहरीएवढं रोप दिसेल. लेबलवर शिसपेन्सिलीने लिहा, शाई उन्हात उडते. मूळ कुंडी कुठली, पान कधी काढलं, एवढंच आज लिहा. नावाची जागा फूल येईपर्यंत कोरी असू द्या. तसं कोरं लेबल लावून रोप विकायलाही संकोच नको.