लातूर-नांदेडने किती उंच व्हावे?

राष्ट्रीय इमारत संहितेच्या हिशेबाने १५ मीटर किंवा त्याहून उंच बांधकाम उंच इमारतींत मोडते. पार्किंगवर पाच मजले चढवले की लातूरच्या अंबाजोगाई रोडवरची किंवा नांदेडच्या भाग्यनगरातली साधी अपार्टमेंटही त्यात येते. ५० मीटरच्या पुढे, म्हणजे सोळा-सतरा मजल्यांनंतर, आयएस १६७०० हे स्वतंत्र मानक लागू होते. आणि १५० मीटर ओलांडल्यावर इमारतीला जगभर गगनचुंबी म्हणतात. मुंबईत अशा इमारतींचे आता अप्रूप राहिलेले नाही. मराठवाड्यात त्या नाहीत. त्या असाव्यात का, हा विषय निघाला की बोलणे लगेच शहराच्या अभिमानावर जाते. उत्तर मात्र जमिनीत, पाण्यात आणि सळईच्या बांधणीत शोधावे लागते.

उंच बांधण्याची मागणी खोटी नाही. २०११ च्या जनगणनेत नांदेड साडेपाच लाखांचे आणि लातूर पावणेचार लाखांहून थोडे मोठे शहर होते. शहरे तेव्हापासून बरीच पसरली आहेत. लातूर पॅटर्नच्या ओढीने दरवर्षी खेड्यापाड्यांतून मुले येतात, त्यांच्यामागे पुष्कळदा आईही येते आणि दोन वर्षांसाठी एक खोली, एक गॅस, एक कूलर असा संसार मांडला जातो. नीट आणि जेईईच्या क्लासपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावरच खोली हवी असते, त्यामुळे लातूरच्या ट्युशन एरियात किंवा नांदेडच्या श्रीनगर-भाग्यनगर भागात जागेचा भाव चढतो आणि मालकाला वरचा मजला खुणावतो. त्यात डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीने रस्त्याच्या रुंदीनुसार, प्रीमियम भरून आणि टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क) घेऊन जादा बांधकामाची वाट मोकळी केली आहे. कायद्याने दार उघडले आहे. शहराची तयारी त्या वेगाने झाली आहे का, हे तपासणे म्हणूनच निकडीचे आहे.

या तपासणीची सुरुवात किल्लारीपासून करावी लागते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, विसर्जनाची रात्र उलटत असताना, ६.२ तीव्रतेच्या भूकंपाने औसा, निलंगा आणि उमरगा तालुक्यांतली गावे पाडली. आठ ते दहा हजार माणसे गेली, बावन्न गावे नव्या जागी वसवावी लागली. त्या रात्री मेलेली बहुतेक माणसे बैठ्या घरांत झोपली होती, हे आजही पुरेसे सांगितले जात नाही. दोन-अडीच फूट जाडीच्या दगड-मातीच्या भिंती, वर लाकडी तुळयांवर पेललेले माळवद आणि त्यावर गळती थांबवायला वर्षानुवर्षे टाकत गेलेली पांढरी माती. भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या थराला बांधून ठेवणारा आरपार दगड नाही, कोपऱ्यांना पकड नाही. घराची उंची दहा-बारा फूट, आणि डोक्यावर टनावारी वजन. उंच ते धोक्याचे आणि बैठे ते सुरक्षित, हा समज किल्लारीने कायमचा मोडला आहे. माणूस मरतो तो निसटलेल्या सांध्यामुळे आणि न पेललेल्या वजनामुळे.

दुसरा मोडलेला समज जमिनीबद्दलचा. १९९३ पर्यंत भारताच्या भूकंप नकाशात किल्लारी परिसर पहिल्या, सर्वांत निर्धोक पट्ट्यात होता. दख्खनचे पठार म्हणजे घट्ट खडक, तो हलणार नाही, अशी धारणा त्यामागे होती. पुढे किल्लारीजवळ घेतलेल्या खोल बोअरमध्ये बेसॉल्टचा थर सुमारे ३३८ मीटर जाडीचा निघाला. त्याखाली प्राचीन खडक आहे आणि त्यातल्या भेगा वरून दिसत नाहीत. २००२ मध्ये भूकंपाचे मानक सुधारले तेव्हा पहिला पट्टाच रद्द झाला आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या पट्ट्यात गेला. नांदेडलाही निश्चिंत राहता येत नाही. २००६-०७ पासून शहरात जमिनीतून आवाज येण्याचे आणि सौम्य धक्क्यांचे सत्र काही वर्षे चालले. २०२४ च्या मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेले ४.५ तीव्रतेचे धक्के नांदेडकरांनी अनुभवले. खाली कुठली भेग कधी सरकेल, हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. तेव्हा इमारतीचा आराखडा भूकंप होणारच आहे असे धरून करावा लागतो.

भूकंपात किती उंचीची इमारत अधिक हलेल, याचे उत्तर सरळ नाही. प्रत्येक इमारतीला तिचा स्वतःचा डोलण्याचा काळ असतो. दोरीची लांबी वाढली की झोक्याची एक फेरी लांबते, तसाच हा काळ उंचीबरोबर वाढतो. भूकंपाच्या मानकातल्या सूत्राने ३० मीटरच्या काँक्रीट इमारतीचा काळ जवळपास एक सेकंद येतो, १०० मीटरच्या इमारतीचा सव्वादोन सेकंदांहून जास्त. किल्लारीसारखा उथळ आणि जवळचा भूकंप झटपट, तुटक हादरे देतो आणि त्यात बुटकी बांधकामे अधिक सापडतात. लांबच्या मोठ्या भूकंपाच्या संथ लाटा उंच इमारतींना पकडतात. १९८५ मध्ये मेक्सिको सिटीपासून साडेतीनशे किलोमीटरहून दूर झालेल्या भूकंपात, जुन्या तळ्याच्या मऊ गाळावर उभ्या असलेल्या सहा ते पंधरा मजल्यांच्या इमारती सर्वाधिक कोसळल्या, कारण गाळाची लय आणि इमारतींची लय जुळली. लातूरला काळ्या मातीखाली मुरूम आणि मग कातळ लागतो, ही जमेची बाजू. गोदावरीकाठच्या नांदेडात जागोजागी गाळ आहे, तिथे प्रत्येक भूखंडाची माती स्वतंत्र तपासल्याशिवाय उंचीचे नावही काढू नये.

खरी भीती चाळीस मजल्यांची नसून आज सर्रास उठणाऱ्या सहा-सात मजल्यांची आहे. २६ जानेवारी २००१ च्या भूजच्या भूकंपात केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत कित्येक बहुमजली इमारती बसल्या आणि शेकडो माणसे दगावली. त्या इमारतींचा मुख्य दोष एकच होता. वर विटांच्या भिंतींनी भरलेले मजले आणि खाली पार्किंगसाठी नुसते मोकळे खांब. वरचा भाग पेटीसारखा ताठ राहिला, सगळे वाकणे तळमजल्याच्या खांबांत साठले आणि तेच तुटले. लातूर-नांदेडच्या कुठल्याही नव्या वस्तीत उभे राहून पाहिले तर हाच नमुना ओळीने दिसतो. त्यावर उपाय आहे आणि तो महागही नाही: तळमजल्यावर ठरावीक जागी काँक्रीटच्या भिंती आणि खांबांत सळईच्या दाट रिंगा. आयएस १३९२० हे मानक रिंगेची टोके १३५ अंशांत आत वाकवायला सांगते, म्हणजे हादऱ्यात रिंग उघडत नाही. प्रत्यक्ष साइटवर घाईत टोक काटकोनातच सोडले जाते, आणि स्लॅब पडला की ते पाहायला कोणाला मिळत नाही. काँक्रीट ओतायला सोपे जावे म्हणून त्यात जास्तीचे पाणी मिसळतात, आणि उन्हाळ्यात टँकर परवडत नाही म्हणून पुढे आठवडाभर मारायचे पाणी मात्र दोन दिवसांतच आटोपते. जे शहर सात मजल्यांची रिंग तपासू शकत नाही, त्याने चाळीस मजल्यांना परवानगी देणे हा माणसांच्या जिवाशी खेळ आहे. चाळीस मजली इमारतीला पवनबोगद्यातली चाचणी लागू शकते, बाहेरच्या तज्ज्ञांकडून आराखड्याची फेरतपासणी लागते आणि रोजच्या कामावर जाणते डोळे लागतात. हे सारे विकत आणता येते, पण महापालिकेला ते तपासता आले पाहिजे.

पाण्याचा मुद्दा लातूरकरांना वेगळा समजावून सांगायला नको. मार्च २०१६ मध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणे होतील या धास्तीने जमावबंदी लागू झाली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून जलदूत रेल्वे आली. पहिल्या गाडीने दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आणले. मांजरा धरण कोरडे पडले होते आणि एका जिल्ह्याच्या मुख्यालयाची तहान सव्वातीनशे किलोमीटरहून अधिक लांबून भागवावी लागत होती. आता दोनशे फ्लॅटचा एक मनोरा डोळ्यांसमोर आणावा. प्रत्येक घरात पाच माणसे धरली तर हजार माणसे. माणशी रोज १३५ लिटर हे शहरी मोजमाप लावले तर दिवसाला १ लाख ३५ हजार लिटर. जलदूताची ती पहिली खेप या एका इमारतीला चार दिवसही पुरली नसती. पाच हजार लिटरचा टँकर धरला तर रोज २७ खेपा लागतात. हे पाणी वर चढवायला वीज फारशी लागत नाही. चढवायला पाणी हवे ना. शिवाय वापरलेल्या पाण्यातले ऐंशी टक्के सांडपाणी होऊन खाली येते, ते पेलणारी ड्रेनेज लाइन रस्त्यात असावी लागते. बैठ्या घरातला माणूस टंचाईत हौद भरतो, बोअरवर जातो, शेजारच्या आडातून घागर आणतो. तिसाव्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या माणसाला यातले काहीच करता येत नाही. नांदेडला विष्णुपुरीचा आधार आहे, त्यामुळे त्याची स्थिती बरी. पण त्याच साठ्यावर शेतीचाही हक्क आहे आणि कोरड्या वर्षी तो वाद पेटतो.

आगीचे गणितही असेच. २४ मीटरच्या वर इमारतीत आसऱ्याची मोकळी जागा ठेवावी लागते, स्वतंत्र पंप, उभ्या पाइपलाइन आणि फवारे लागतात. मुंबई अग्निशमन दलाकडे ९० मीटर पोहोचणारी शिडी आहे. त्यावरच्या मजल्यांना मुंबईतही इमारतीची स्वतःची यंत्रणाच वाचवते. जानेवारी २०२२ मध्ये ताडदेवच्या वीस मजली इमारतीत वरच्या मजल्यावर आग लागून माणसे दगावली, तीही देशातल्या सर्वांत सज्ज दलाच्या हद्दीत. महाराष्ट्रात २००६ चा अग्निप्रतिबंधक कायदा आहे आणि त्यानुसार दर सहा महिन्यांनी यंत्रणा चालू असल्याचा दाखला द्यावा लागतो. तो दाखला कागदावर न राहता पंप खरोखर चालवून पाहिला जाईल, अशी व्यवस्था आधी बसली पाहिजे. नांदेडपुरती आणखी एक मर्यादा आहे: विमानतळ शहराला लागून आहे आणि धावपट्टीभोवती चार किलोमीटरपर्यंत इमारतीची उंची विमानतळाच्या पातळीपासून ४५ मीटरवर अडते. शहराचा मोठा भाग यातच येतो.

पैशाच्या बाजूनेही मनोरा टिकत नाही. उंचीबरोबर प्रत्येक चौरस फुटाचा खर्च वाढतो: जाड खांब, जास्त लिफ्ट, अग्निशमनाचे पंप, जनरेटर. लिफ्ट आणि जिने प्रत्येक मजल्याची विकाऊ जागा खातात. मुंबईत तीन बाजूंनी समुद्र असल्याने जमिनीचा भाव हा खर्च झाकतो. लातूर-नांदेडच्या वेशीवर अजून एनए प्लॉट मिळतात, तिथे तो भार शेवटी फ्लॅट घेणाऱ्या शिक्षकावर आणि कारकुनावर पडेल, आणि इमारत उभी राहिल्यानंतरही दरमहा देखभालीच्या रूपाने पडत राहील. उलट बाजूही खरी आहे. नुसते आडवे पसरत गेले की काळी कसदार रानं प्लॉटिंगखाली जातात, गुंठेवारीच्या गल्ल्या वाढतात आणि प्रत्येक नव्या वस्तीला किलोमीटर-किलोमीटर पाइप टाकावा लागतो. म्हणून वर जाणे आवश्यकच आहे, मात्र आठ-दहा मजल्यांपर्यंत, रुंद रस्त्यांवर आणि क्लासच्या परिसरात आधी.

अभिमानासाठी उंचीची गरज या दोन्ही शहरांना कधी पडली नाही. लातूरची गंजगोलाई १९१७ मध्ये फैयाजुद्दीन यांनी आखली. सोळा रस्ते तिच्यात येऊन मिळतात आणि शंभर वर्षांनंतरही बाजार तिथेच भरतो. नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्याची वास्तू महाराजा रणजितसिंहांनी १८३२ ते १८३७ या काळात उभारली आणि तिच्या दर्शनाला जग येते. दोन्ही ठिकाणी शहराचे नाव झाले ते नीट विचार करून बांधल्यामुळे.

लातूर आणि नांदेडने आज १५० मीटरच्या इमारतीला परवानगी देऊ नये. ५० मीटरच्या वरही, पाण्याचा खात्रीचा स्रोत, सज्ज अग्निशमन दल आणि आराखड्याची स्वतंत्र तपासणी या तिन्ही गोष्टी सिद्ध होईपर्यंत थांबावे. दोन्ही महापालिकांनी पाच मजल्यांवरील प्रत्येक इमारतीचा संरचना आराखडा, माती परीक्षण आणि काँक्रीटच्या क्यूब चाचण्यांचे अहवाल नागरिकांना पाहता येतील असे खुले ठेवावेत. आणि फ्लॅट बघायला जाणाऱ्या कुटुंबाने टाइल्सचा रंग पाहण्याआधी बिल्डरकडे हे अहवाल मागावेत, पार्किंगमध्ये काँक्रीटच्या भिंती आहेत का हे स्वतः खाली उतरून पाहावे, आणि मे महिन्यात पाणी कुठून येते हे तिथे राहणाऱ्यांना विचारावे.